डिस्कससाठी हिरवी टाकी: आखणी तापमानापासून

डिस्कस पाळायचे ठरले की बहुतेक जण आधी मासा पसंत करतात, मग टाकी घेतात आणि वनस्पतींचा विचार सगळ्यात शेवटी करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. रोपांनी भरलेल्या टाकीत डिस्कस निरोगी राहावा असे वाटत असेल, तर कागदावर पहिला आकडा तापमानाचा लिहावा. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअसचे पाणी लागते. टाकीत लावल्या जाणाऱ्या बऱ्याच जलवनस्पती मात्र २२ ते २६ अंशांत चांगल्या वाढतात. या चार-पाच अंशांच्या तफावतीवरच बाकीचे सगळे ठरते: रोपे कोणती, प्रकाश किती, सोबतीला कोणते मासे, रात्री हवेचा पंप लावायचा की नाही.

हा मासा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि सिम्फायसोडॉन ही प्रजाती नोंदवली. योहान नाटेरर यांनी ब्राझीलमध्ये गोळा केलेले नमुने त्यांच्यासमोर होते. डिस्कस सिक्लिड कुळातला आहे. अंगाने बशीसारखा गोल आणि चपटा, पूर्ण वाढला की १५ सेंटिमीटर किंवा त्याहून थोडा मोठा. पुराचे पाणी जंगलात शिरते आणि मागे सरते, अशा भागांत नदी-तलावांच्या काठाशी, पाण्यात कोसळलेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये त्याचे थवे राहतात. रिओ निग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नदीत पाणी चहाच्या रंगाचे असते, पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) ४ ते ५ च्या आसपास जातो आणि क्षार जवळजवळ नसतात. सूर्यप्रकाश खाली फारसा पोहोचत नाही, त्यामुळे पाण्याखाली हिरवीगार रोपेही फारशी नसतात.

म्हणजे हिरवी टाकी ही आपली आवड आहे. डिस्कसला हवा असतो तो आडोसा. हे एकदा लक्षात आले की रचना सोपी होते. आधी लाकूड. जाड, फाटे असलेले ड्रिफ्टवुड, म्हणजे पाण्यात झिजलेले लाकूड, उभे किंवा तिरके बसवावे, म्हणजे त्याच्या फांद्यांमधून मासा सहज आत-बाहेर करू शकेल. रोपे त्या लाकडाभोवती आणि मागच्या-बाजूच्या भिंतींशी लावावीत. मधली आणि पुढची जागा मोकळी ठेवावी. उंच अंगाच्या माशाला वळायला जागा लागते, आणि दाट झाडोऱ्यात अडकलेले उरलेले अन्न काढताही येत नाही.

टाकी निदान ३०० लिटरची असावी आणि पाण्याची खोली ५० सेंटिमीटरच्या आसपास. एका प्रौढ माशामागे ४० लिटर पाणी असा ढोबळ हिशेब धरतात. मी तो कमीत कमी म्हणून धरेन, पुरेसा म्हणून नव्हे. हीटर एक मोठा घेण्याऐवजी मध्यम ताकदीचे दोन घ्यावेत. एक बंद पडला तर दुसरा पाणी एकदम गार होऊ देत नाही. एकाचा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा भाग) चालू स्थितीतच अडकला, तरी त्याच्या एकट्याच्या ताकदीने पाणी लगेच धोक्याच्या पातळीला जात नाही.

आता उष्णतेने रोपांचे नेमके काय होते ते पाहू, कारण हिरव्या डिस्कस टाक्या बहुधा याच ठिकाणी फसतात. रोप प्रकाशात अन्न तयार करते आणि दिवसरात्र श्वसन करून त्यातले काही खर्चही करते. तापमान वाढले की श्वसनाचा खर्च झपाट्याने वाढतो, पण मंद उजेडात अन्ननिर्मिती तितकी वाढत नाही. दुसरी अडचण कार्बनची. कोमट पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो. शिवाय तो पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) उष्णतेत जास्त चुकते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते. त्यात रोपाची आधीच कमावलेली ऊर्जा वाया जाते. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, त्यामुळे पानाजवळचा साठा संपला की तो भरून यायलाही वेळ लागतो. २४ अंशांत तरारलेले रोप २९ अंशांत लांबट, फिकट, विरळ पानांचे होते ते या सगळ्यामुळे. खत वाढवून हा तोटा भरून निघत नाही.

म्हणून उष्णता सोसणारी रोपेच निवडावीत. अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड अर्थात एकिनोडोरस हे यात माझे सर्वांत आवडते रोप. रुंद पानांचे एक जोमदार झुडूप टाकीचा कोपरा भरून टाकते, आणि इतरांना दबून राहणाऱ्या माशाला पानांखाली आसरा मिळतो. ते मुळांवाटे भरपूर अन्न घेते, म्हणून त्याच्या बुडाशी खताच्या गोळ्या पुराव्या लागतात. अनुबियास हळू वाढते पण उष्णतेत आणि कमी प्रकाशात टिकते. त्याचे आडवे खोड वाळूत पुरू नये, नाहीतर कुजते. ते लाकडाला दोऱ्याने बांधावे. व्हॅलिस्नेरिया मागच्या भिंतीसाठी उत्तम. क्रिप्टोकोरिन वेंड्टी चालते, मात्र नव्या पाण्यात तिची पाने एकदम विरघळल्यासारखी गळू शकतात. घाबरून रोप उपटू नये, मुळे शाबूत असली तर नवी पाने फुटतात. पाण्यावर तरंगणारी साल्विनिया किंवा फ्रॉगबिट थोडी ठेवावी. ती कार्बन थेट हवेतून घेते, त्यामुळे तिला कार्बनची टंचाई भासत नाही. पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट ती भराभर शोषते आणि डिस्कसला न आवडणारा डोक्यावरचा झगझगीत उजेडही मंद करते. गालिचासारख्या पसरणाऱ्या नाजूक रोपांचा मोह मात्र सोडावा. त्यांना तीव्र प्रकाश आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तेवढे दोन्ही देणे माशाच्या मुळावर येते.

माशाच्या मुळावर येते ते ऑक्सिजनच्या टंचाईमुळे. २४ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत सुमारे ७.५. त्याच वेळी माशाची आणि फिल्टरमधल्या जीवाणूंची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. दिवे बंद झाले की रोपेही ऑक्सिजन घेऊ लागतात. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लावायचेच असेल, तर मात्रा थोडी ठेवावी आणि ते दिव्यांबरोबर बंद होईल अशी सोय करावी. रात्रभर हवेचा पंप चालवावा किंवा फिल्टरची धार पाण्याचा पृष्ठभाग हलवेल अशी वळवावी. पहाटे मासे वर येऊन भराभर कल्ले हलवताना दिसले, तर आधी इथे पाहावे. दिवे रोज सहा ते आठ तास पुरतात.

तळाशी बारीक, गुळगुळीत वाळू. डिस्कस तोंडाने पाण्याचा झोत वाळूवर फुंकतो आणि उडालेल्या कणांतून खाणे वेचतो. खरखरीत खडीत त्याला हे करता येत नाही आणि अन्न फटींत कुजत राहते.

पाण्याच्या पीएचबद्दल अनेक जण उगाच धास्तावतात. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले डिस्कस ६.५ ते ७.५ पीएचमध्ये छान राहतात. रसायने घालून आकडा वरखाली करण्यापेक्षा तो स्थिर राहणे महत्त्वाचे. नदीतून पकडलेल्या माशांना मात्र मऊ (क्षार कमी असलेले) आणि आम्लधर्मी पाणीच द्यावे. पीएचचा खरा संबंध अमोनियाशी आहे. माशाच्या उत्सर्गातून येणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातले अमोनियम हे रूप तुलनेने निरुपद्रवी असते. ३० अंशांत पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी ०.८ टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो. पीएच ८ ला हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे आम्लधर्मी जुन्या पाण्यात एकदम अल्कधर्मी नवे पाणी ओतले, तर निवांत दिसणारे मासे अचानक तडफडू शकतात.

अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रोपे लावल्यावर हा काळ मासे न सोडता जाऊ द्यावा. बाहेरून घातलेला थोडा अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइटही दिसेनासे झाले, की फिल्टर तयार झाला. रोपांनाही मुळे धरायला हाच वेळ मिळतो. मी तर आणखी काही आठवडे थांबण्याच्या बाजूचा आहे, कारण नव्या, कमकुवत रोपांवर शेवाळ आधी चढते.

मग मासे, आणि तेही डिस्कस सोडून. कार्डिनल टेट्रा उष्ण पाण्यात राहतो आणि त्याच रिओ निग्रोच्या परिसरातून येतो. त्याच्यासारखाच दिसणारा निऑन टेट्रा मात्र थंड पाण्याचा. २९ अंशांत तो फार काळ टिकत नाही. लाल तोंडाचा रमीनोज टेट्रा चालतो. तळाला कोरिडोरास हवे असतील तर स्टरबाय ही जात घ्यावी, इतर बऱ्याच कोरिडोरासना ही उष्णता सोसत नाही. एंजल मासा दिसायला शोभतो, पण खाण्यावर झडप घालून डिस्कसला उपाशी ठेवतो. शेवाळ खाणारे काही मोठे चोषक मासे रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर ओरबाडतात. ते कटाक्षाने टाळावेत.

डिस्कस शेवटी सोडावेत, किमान सहा, आणि एकाच वेळी. त्यांच्यात बळानुसार उतरंड लागते. दोन-तीनच असतील तर सगळा मार सर्वांत दुबळ्यावर पडतो. तो कोपऱ्यात काळवंडून उभा राहतो आणि खाणे सोडतो. सहा-आठ असले की टोचाटोची वाटली जाते. हिरव्या टाकीसाठी १० ते १२ सेंटिमीटरचे मासे घ्यावेत. लहान पिल्लांना दिवसातून अनेकदा खाऊ घालावे लागते आणि तितक्याच वेळा पाणी बदलावे लागते. त्यांना वाळू-रोपे नसलेली उघड्या तळाची टाकीच योग्य. आणलेले मासे आधी सुमारे चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. कल्ल्यांतले कृमी आणि आतड्यातले परजीवी डिस्कसमध्ये नेहमी आढळतात, आणि त्यांवरची काही औषधे, तसेच मीठ आणि तांबेयुक्त द्रावणे, रोपांना मारतात. मुख्य टाकीत औषध घालायची वेळच येऊ देऊ नये.

निसर्गात डिस्कस शेवाळाचा थर, कुजका पालापाचोळा आणि त्यातले बारीक जीव खातो. म्हणून दाणेदार खाद्य, गोठवलेल्या अळ्या आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) यांचा आलटून-पालटून वापर बरा. गाईच्या काळजाचे मिश्रण जुन्या पाळणाऱ्यांचे लाडके आहे. पिल्ले त्यावर लवकर वाढतात हे खरे, पण वाळूत पसरलेला त्याचा चुरा हिरव्या टाकीचे पाणी दोन दिवसांत बिघडवतो. आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे, आणि नवे पाणी क्लोरीनमुक्त व त्याच तापमानाचे असावे.

सगळे जमले की एखादी जोडी लाकडावर किंवा स्वॉर्डच्या पानावर अंडी घालते. पुढे जे घडते ते माशांत दुर्मीळ आहे. पोहू लागलेली पिल्ले आईच्या आणि बापाच्याही अंगावरचा श्लेष्मल थर खाऊन वाढतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की या थरातली प्रथिने आणि प्रतिपिंडे या काळात बदलतात, आणि पिल्ले मोठी होऊ लागली की आई-बाप त्यांना स्वतःपासून दूर ठेवू लागतात. सस्तन प्राण्यांत दूध तोडतात तसेच. सामाईक टाकीत ही पिल्ले सहसा वाचत नाहीत. टेट्रा ती टिपतात, आणि जोडी राखण करताना बाकीच्या डिस्कसना कोपऱ्यात कोंडते. पिल्ले हवी असतील तर जोडी स्वतंत्र टाकीत हलवावी, आणि तसे करण्याचा बेत असेल तर मुळातच आठ मासे घ्यावेत, म्हणजे जोडी गेल्यावरही मागे सहा उरतील.