पहिल्या पोझिशनमधला दणका

ठाण्यात व्हायोलिनच्या क्लासचा कार्यक्रम असला की एखादे आजोबा हमखास विचारतात, "मांडी घालून यमन वाजवायचा सोडून पोरं खुर्च्यांवर बसून हे काय दणादण वाजवताहेत?" प्रश्न रास्त आहे, पण शिकाऊ मुलांच्या तंतुवाद्यवृंदासाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य रचनांचा हा दणदणाट आजचा नाही.

लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट १९०५पासून संगीत शिकवत. (संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावणारे तेच हे गृहस्थ.) शाळेतल्या मुलींसाठी त्यांनी १९१२-१३च्या सुमारास 'सेंट पॉल्स सूट' (छोट्या तुकड्यांची मालिका) लिहिला. सुरुवातीलाच उड्या मारणारा जिग हा नाच. शेवटी दोन लोकधुना एकमेकींत गुंफलेल्या, त्यातल्या एकीचा सहा मात्रांचा झोका आपल्या दादऱ्याला जवळचा. पुढे १९३४मध्ये विशीतल्या बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकारानं स्वतःच्या लहानपणच्या सुरावटींतून 'सिंपल सिम्फनी' रचली. तिचा एक अख्खा भाग गज बाजूला ठेवून, नुसत्या बोटांनी तारा छेडत वाजवायचा!

विद्यार्थ्यांसाठीच्या रचनांची मेख इथेच आहे. मुलांचा डावा हात अजून पहिल्या पोझिशनच्या, म्हणजे व्हायोलिनच्या मानेवरच्या टोकाजवळच्या पहिल्या जागेच्या पुढे सरकलेला नसतो. म्हणून डी किंवा जी स्केल घ्यायची, बोट न ठेवलेल्या मोकळ्या तारा घुमू द्यायच्या आणि सगळी गंमत उजव्या हातावर सोपवायची: आखूड, ठासून मारलेला गज, मधेच पिझिकाटो (बोटांनी तार छेडणं), खाली चेलो या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याचा एकच तुकडा पुन्हापुन्हा. १९६०च्या दशकात रिचर्ड ग्रीन या अमेरिकन फिडलवादकानं रूढ केलेला 'चॉप', म्हणजे गज तारांवर आपटून काढलेला 'खट्' आवाज, तोही आता शाळकरी वाद्यवृंदांत शिरलाय. ड्रमची गरजच उरत नाही.

मुंबईत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे वादक बरेचसे गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून आले आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत रमले. सिनेमाचे संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तो याच मंडळींच्या बळावर. ठाण्याच्या मराठी घरांतलं व्हायोलिन मात्र हिंदुस्थानी गायकीच्या मागे चाललं. सा-पात लावलेलं, गुरूच्या तोंडून शिकलेलं, एकट्यानं वाजवायचं.

त्यामुळे इथल्या मुलांना वेग जड जात नाही. जड जातं ते सात मात्रा गप्प बसून आठवीला नेमकं उठणं. आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं नि खालच्या सुरातलं वाद्य, वाजवणारं पोर तर शोधूनही सापडत नाही. प्रकाशकांनाही हे ठाऊक असावं; अशा पुष्कळ रचनांसोबत व्हायोलाऐवजी तिसऱ्या व्हायोलिनचा कागद आधीच छापून येतो.