दचकण्याच्या आधी मेंदूत काय चालतं?

दरवर्षी ऑक्टोबर आला की ‘विज्ञानाने सिद्ध केलेला जगातला सर्वांत भीतिदायक चित्रपट’ अशी बातमी फिरत फिरत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांपर्यंत पोचते. तिचं मूळ २०२० सालच्या एका ब्रिटिश उपक्रमात आहे. इंटरनेट जोडणीच्या दरांची तुलना करून देणाऱ्या एका कंपनीने ५० प्रेक्षकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली आणि शंभराहून जास्त तासांचे भयपट दाखवले. ‘सिनिस्टर’ (२०१२) पहिला आला. विश्रांतीत मिनिटाला सरासरी ६५ पडणारे ठोके हा चित्रपट बघताना सरासरी ८६ झाले होते.

ही कंपनीची जाहिरात आहे. ठोके हसल्यानेही वाढतात आणि चिडल्यानेही, त्यामुळे यातून काही ‘सिद्ध’ होत नाही. तरी या आकडेवारीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. ठोक्यांची सर्वांत उंच उसळी, मिनिटाला १३३पर्यंतची, ‘सिनिस्टर’मध्ये आली नव्हती. ती ‘इन्सिडियस’मध्ये आली. म्हणजे काळजाचा ठोका सर्वांत जोरात चुकवणारा चित्रपट एक आणि शेवटपर्यंत धाकात ठेवणारा दुसरा. या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या घडतात आणि त्या एकमेकींत कशा मिसळतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांनी फार सुंदर उलगडलं आहे.

आधी एक नेहमीचा गैरसमज. ‘हे सगळं खोटं आहे हे माहीत असताना घाबरायचं कशाला?’ असं भयपटाला न आलेले लोक आलेल्यांना विचारतात. या प्रश्नाचा निकाल चार्ल्स डार्विनने स्वतःवरच लावून घेतला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला तो तोंड लावून उभा राहिला. साप झेपावला तरी हलायचं नाही, असा त्याचा पक्का निश्चय होता. साप काचेवर आपटला आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. काच फुटणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण त्या माहितीचा काडीचाही उपयोग झाला नाही. हा अनुभव त्याने १८७२च्या पुस्तकात प्रांजळपणे लिहून ठेवला आहे.

डार्विनचा निश्चय का टिकला नाही याचं उत्तर वेगात आहे. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, गरम तव्याला बोट लागताच हात मागे येतो तशीच. अचानक मोठा आवाज झाला की माणसाच्या पापण्या साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटतात. मग मान आखडते, खांदे वर येतात, कोपरं दुमडतात, पोट आत जातं. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाचा बार काढून हा सगळा क्रम अतिवेगवान कॅमेऱ्यांवर टिपला आणि १९३९मध्ये प्रसिद्ध केला. ‘अरे, हे तर मांजर आहे’ हे कळायला मेंदूला काहीशे मिलिसेकंद लागतात. तोवर अंग दचकून मोकळं झालेलं असतं.

उंदरात हा मार्ग किती आखूड आहे हे येल विद्यापीठातल्या मायकेल डेव्हिस यांनी दाखवलं. आवाज कानात शिरल्यापासून मागच्या पायाचा स्नायू हलेपर्यंत फक्त ८ मिलिसेकंद जातात. इतक्या वेळात फार टप्पे मावतच नाहीत. कानातल्या शंखाकृती भागातून निघालेला संदेश श्रवणचेतेच्या मुळाशी असलेल्या मोजक्या मोठ्या पेशींना मिळतो. त्या पेशी तो मेंदूस्तंभातल्या, म्हणजे मेंदू मज्जारज्जूला जोडणाऱ्या देठातल्या, एका केंद्रकाला (चेतापेशींच्या पुंजक्याला) देतात. या केंद्रकाचं लांबलचक लॅटिन नाव आहे, संशोधक त्याला ‘पीएनसी’ म्हणतात. तिथून संदेश थेट मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशींकडे जातो. तीन जोडण्यांत काम संपतं. विचार, स्मृती, भावना यांतलं काहीही या वाटेवर नाही.

मग ही झाली भीती? नाही. ही नुसती दचक. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी ती येते. नुसत्या दचकवण्यावर चालणारे भयपट संपताच विसरले जातात, त्याचं कारण हेच.

खरी गंमत पुढे आहे. एकाच आवाजाला तुम्ही दर वेळी सारखे दचकत नाही. ब्राऊन, कॅलिश आणि फार्बर या तिघांनी १९५१मध्ये उंदरांवर हे मोजलं. पुढे डेव्हिस यांनी आयुष्याची अनेक वर्षं याच प्रयोगात घातली. प्रयोग असा: उंदराला छोट्या पिंजऱ्यात ठेवतात. एक दिवा लागतो आणि पाठोपाठ पायाला विजेचा सौम्य झटका बसतो. असं काही वेळा केल्यावर उंदराच्या लेखी तो दिवा वाईट बातमी होतो. दुसऱ्या दिवशी झटका बंद. आता अधूनमधून फक्त एक मोठा आवाज करायचा, कधी अंधारात, कधी दिवा लागलेला असताना. पिंजऱ्याचा तळ उंदराच्या उडीचा जोर मोजतो. आवाज तोच, तेवढाच. पण दिवा लागलेला असताना उडी बरीच मोठी येते.

या उडीतल्या फरकाला मी भीती म्हणेन, कारण तो फरक कुठून येतो हे शोधता आलं आहे. हिचकॉक आणि डेव्हिस यांनी (भयपटांच्या चाहत्यांना हे आडनाव आवडेल) १९८६मध्ये उंदरांच्या मेंदूतला अमिग्डाला निकामी केला. अमिग्डाला म्हणजे दोन्ही बाजूंना कानशिलांच्या आत खोलवर असलेला, बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंजका. असे उंदीर आवाजाला नेहमीसारखे दचकले. पण दिवा लागला तरी त्यांची उडी वाढली नाही. दचक शिल्लक होती, भीतीची भर तेवढी गेली होती. नंतर असंही दिसलं की अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकातून निघालेले चेतातंतू थेट पीएनसीपर्यंत पोचतात. म्हणजे तीन जोडण्यांच्या त्या आखूड मार्गाला मध्येच एक फाटा येऊन मिळतो आणि त्याचं काम रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं आहे. दचक तो निर्माण करत नाही, किती मोठी येणार हे आधीच ठरवून ठेवतो.

हे ‘आधीच’ महत्त्वाचं. धक्का बसतो त्या क्षणी मेंदूला काहीही करायला वेळ नसतो. जे करायचं ते त्याने धक्क्याआधी करून ठेवलेलं असतं. म्हणून भयपटाचं खरं काम धक्क्याच्या आधीच्या मिनिटांत होतं.

या तंत्राचा नमुना १९४२च्या ‘कॅट पीपल’मध्ये आहे. निर्माता व्हॅल ल्युटन, दिग्दर्शक जॅक टर्नर. रात्रीची वेळ, उद्यानाच्या भिंतीलगतचा निर्मनुष्य रस्ता. एक तरुणी चालली आहे, तिच्या मागे दुसरी. पार्श्वसंगीत नाही, ऐकू येतात फक्त उंच टाचांचे आवाज. रस्त्यावरच्या दिव्यांखालून बायका उजेडात येतात, पुन्हा अंधारात जातात. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. पुढची थबकते, वळून बघते, मागे कुणीच नाही. ती भराभर चालू लागते. आणि बिबट्याने फिस्कारावं तसा आवाज करत पडद्यात घुसते एक बस. साधी, प्रवासी घेऊन जाणारी बस! चित्रपटाच्या धंद्यात या युक्तीला आजही ‘ल्युटन बस’ म्हणतात. रक्त नाही, भूत नाही, बिबट्यासुद्धा नाही. प्रेक्षक मात्र खुर्चीतून उडतो, कारण थांबलेल्या टाचांनी त्याचा अमिग्डाला कामाला लावलेला असतो.

धक्क्याआधीच्या शांततेचं आणखी एक कारण आहे आणि ते शुद्ध यांत्रिक आहे. मोठ्या आवाजाच्या जेमतेम एक दशांश सेकंद आधी एखादा हलका आवाज झाला, तर दचक लक्षणीय कमी होते. मेंदूस्तंभ त्या हलक्या आवाजात गुंतलेला असताना पुढच्या संदेशाला आवर घातला जातो. याला पूर्वस्पंद-अवरोध म्हणता येईल. नेमक्या क्षणी कुणी वेफर्सचं पाकीट कुरकुरवलं तर दिग्दर्शकाची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

अंधाराचं काय? क्रिस्चियन ग्रिलॉन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये दाखवलं की अंधारात माणूस आवाजाला जास्त दचकतो. त्याच वर्षी वॉकर आणि डेव्हिस यांनी उंदरांत नेमकं उलट दाखवलं. उंदीर झगझगीत प्रकाशात जास्त दचकतात. उंदीर निशाचर, त्याला उजेडात धोका. आपण दिवसा वावरणारे, आपल्याला अंधारात. निसर्गाने प्रत्येकाच्या मेंदूत त्याच्या शत्रूची वेळ लिहून ठेवली आहे, असं मला हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचताना वाटतं.

इथे थोडं थांबून बोललं पाहिजे. अमावास्येच्या रात्री पिंपळाखालून जाताना सुकं पान पडलं आणि माणूस दचकला, तर त्याची दचक खरी असते. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींनी आणि अंधाराने तिचा जोर वाढवलेला असतो. पण ‘मी एवढा दचकलो, म्हणजे तिथे काहीतरी असणारच’ हा निष्कर्ष खोटा. अंगावरचा काटा पुरावा देतो तो आपल्या चेतासंस्थेबद्दल, झाडाबद्दल काहीच नाही. याच निष्कर्षावर मांत्रिकांचा धंदा चालतो आणि तो रोखायला महाराष्ट्राला २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. विज्ञानाच्या नावाने चालणारा एक दावाही इथेच बाजूला काढतो. ‘ऐकू न येणाऱ्या १९ हर्ट्झच्या आवाजाने भुतं दिसतात’ असं बरेचदा छापून येतं. कोव्हेंट्रीतल्या विक टँडी या अभियंत्याने १९९८मध्ये एका प्रयोगशाळेतल्या पंख्यावरून ही कल्पना मांडली होती. लंडनच्या ख्रिस फ्रेंच यांच्या गटाने पुढे एका खोलीत असे आवाज कधी चालू, कधी बंद ठेवून लोकांना तिथे काही वेळ राहायला लावलं. काहींना विचित्र अनुभव आले खरे, पण त्यांचा आवाज असण्या-नसण्याशी संबंध लागला नाही.

आता उंदरांच्या प्रकाशाकडे परत. दिवा आणि झटका या प्रयोगातली भीती दिवा विझताच ओसरते. झगझगीत प्रकाशातली अस्वस्थता मात्र मिनिटामिनिटाने चढत जाते आणि टिकून राहते. वॉकर आणि डेव्हिस यांना दिसलं की ही दुसरी भीती अमिग्डालाच्या मध्यवर्ती केंद्रकावर अवलंबून नाही. ती त्याच्या शेजारच्या, बेड न्यूक्लियस ऑफ द स्ट्रिया टर्मिनॅलिस अशा अवघड नावाच्या भागावर अवलंबून आहे. एक केंद्र समोरच्या ठरावीक धोक्यासाठी, दुसरं ‘काहीतरी होणार आहे, पण कधी आणि कुठून ते कळत नाही’ या अवस्थेसाठी, अशी मांडणी त्यावरून झाली. पुढच्या संशोधनात, विशेषतः माणसांत, ही वाटणी इतकी काटेकोर राहिलेली नाही. दोन्ही भाग दोन्ही वेळी काम करताना दिसतात. पण भीतीच्या दोन चाली आहेत ही गोष्ट टिकली आहे.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या लाउरी नुमेनमा यांच्या गटाने २०२०मध्ये हेच थेट चित्रपटांवर तपासलं. एमआरआय यंत्रात पडलेल्या माणसांना त्यांनी ‘इन्सिडियस’ आणि ‘कॉन्ज्युरिंग २’ हे दोन भयपट दाखवले. भीती हळूहळू चढत असताना पाहण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित भाग जास्त सक्रिय होत गेले. अचानक धक्का आला तेव्हा भावना, धोक्याचा अंदाज आणि निर्णय यांच्याशी जोडलेले भाग पेटले. प्रेक्षकांनी स्वतः काय सांगितलं? जे दाखवलं जातं त्यापेक्षा जे नुसतं सुचवलं जातं त्याची भीती जास्त वाटते. डोळे आणि कान ताणून बसलेल्या मेंदूला पडद्यावर काही सापडत नाही, म्हणून तो आणखी ताणतो.

आवाजाबद्दल फार थोडक्यात. किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा खालीवर होते, साध्या बोलण्यात ती याहून खूप सावकाश बदलते. लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवलं की हा खरखरीतपणा जितका जास्त, तितका अमिग्डालाचा प्रतिसाद मोठा. मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याचा अभ्यास करणाऱ्या डॅनियल ब्लुमस्टीन यांना तर घाबरलेल्या पिल्लांच्या फाटक्या आवाजातली वैशिष्ट्यं भयपटांच्या ध्वनिपट्टीतही सापडली. आवाज बंद करून भयपट बघितला की तो निम्मा मरतो, याचं एक कारण हे.

आणि ज्या माणसाला अमिग्डालाच नाही? अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. उर्बाख-वीटे या दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला भयपटांतले प्रसंग दाखवले. तिला ते रंजक वाटले, एका चित्रपटाचं तर तिने नाव विचारून घेतलं, पण भीती वाटली नाही. हॅलोवीनला केंटकीतल्या वेव्हरली हिल्स या जुन्या क्षयरोग रुग्णालयात भुताटकीचा खेळ असतो. तिथे ती सगळ्यांच्या पुढे चालली. अंगावर आलेल्या ‘राक्षसा’च्या डोक्याला तिनेच कुतूहलाने बोट लावलं आणि तो सोंगाडी दचकला.

यावरून ‘अमिग्डाला नाही तर भीती नाही’ असं समीकरण पाठ्यपुस्तकांत बसू लागलं होतं. २०१३मध्ये त्याच गटाने तिला आणि तसाच आजार असलेल्या जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा एकदा हुंगायला दिली. तिघींनाही भयंकर घबराट झाली. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून आम्लता वाढली की त्याची खबर मेंदूला शरीराच्या आतूनच मिळते, त्यासाठी डोळ्यांच्या आणि कानांच्या वाटेची गरज नसते. चित्रपटाकडे मात्र त्या दोनच वाटा आहेत, आणि एस. एम.च्या बाबतीत त्या वाटांवरचा अमिग्डालाच नाहीसा झाला आहे.