शेपूट बदललं की इंग्रजी झालं?

स्पॅनिशमधून वैद्यकीय कागद इंग्रजीत आणणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलाय: शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीक मुळाचे, मग स्पॅनिश शब्दाचं शेपूट बदललं की इंग्रजी शब्द तयार. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांच्या आजारांत हे पुष्कळदा खपूनही जातं. रुग्ण चालायला लागला की मात्र फसगत सुरू होते.

'मार्चा' घ्या. इंग्रजीत त्याचा 'मार्च' केला, तर रुग्ण संचलनाला निघाल्यासारखा वाटेल! खरा शब्द 'गेट', म्हणजे आपली 'चाल'.

त्याहून दगाबाज शब्द म्हणजे 'क्लाउदिकासिओन'. लॅटिनमध्ये मूळ अर्थ लंगडणं, आणि स्पॅनिश डॉक्टर लंगडणाऱ्या मुलाच्या कागदावरही तो सहज लिहितात. इंग्रजीतला 'क्लॉडिकेशन' मात्र बहुधा वेगळंच सांगतो: रक्तपुरवठा अपुरा असल्यानं चालताना पोटरीत उठणारी, थांबलं की शमणारी वेदना. पाच वर्षांच्या पोराच्या कागदावर तो तसाच उतरवला, तर वाचणारा धमन्या तपासत बसेल. तिथं साधं 'लिंप' हवं.

उलट 'मार्चा दे सेगादोर', म्हणजे लांब दांड्याच्या विळ्यानं गवत कापणाऱ्याची चाल, शब्दशः नेली तर इंग्रज डॉक्टर गोंधळेल. पक्षाघातानंतर ताठ झालेला पाय अर्धवर्तुळात फिरवत टाकण्याची ही चाल. इंग्रजीत 'हेमिप्लेजिक गेट'. प्रतिमा स्पॅनिशच सुंदर आहे, पण अहवालात तिचा उपयोग नाही.