आंतरराष्ट्रीय कामगार एकजूट

एखाद्या देशात युनियन काढली म्हणून कोणाला तुरुंगात टाकलं, कामावरून काढलं, किंवा थेट जीव घेतला, तर बाहेरच्या देशांतले कामगार आणि त्यांच्या युनियन त्याच्या मागे उभ्या राहतात, ती ही एकजूट. यात निषेधाची पत्रं आली, वकिलातीसमोरची निदर्शनं आली, खटल्याला माणसं पाठवणं आलं, घरच्यांसाठी वर्गणी आली आणि जमलंच तर त्या राजवटीचं काम अडवणंही आलं.

खरा जोर या शेवटच्या गोष्टीत असतो. 11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्कराने अध्यक्ष आयेंदेंचं सरकार पाडलं, हॉकर हंटर विमानांनी ला मोनेदा राजवाड्यावर बॉम्ब टाकले आणि मग युनियनवाल्यांची धरपकड सुरू झाली. या विमानांची इंजिनं दुरुस्तीला स्कॉटलंडमध्ये, ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉईस कारखान्यात यायची. 1974 मध्ये बॉब फुल्टन या इन्स्पेक्टरने समोर आलेलं इंजिन चिलीच्या हवाई दलाचं आहे हे बघितलं आणि सरळ सांगितलं की मी याला हात लावणार नाही, बाकीचे कामगारही त्याच्याबरोबर राहिले, आणि इंजिनं आवारात पेट्यांमध्ये गंजत पडली ती 1978 पर्यंत, मग एका रात्री गुपचूप उचलून नेली. पुढे 1990 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये दुसऱ्यांच्या लढ्यासाठी काम बंद ठेवायला संरक्षणच ठेवलं नाही, ही फार मोठी हानी आहे.

जिथे असं काही अडवता येत नाही तिथे नाव गाजवत ठेवायचं. तेहरानच्या बस कामगारांचे नेते मन्सूर ओसानलू 2007 मध्ये युरोपात परदेशी युनियनना भेटून परतले आणि लगेच परत पकडले गेले, पण वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाने त्यांची केस सोडली नाही, देशोदेशी निदर्शनं झाली, शेवटी 2011 मध्ये ते बाहेर आले. एवढ्याने सुटका होईलच असं नाही, पण कैदी एकटा आहे असं समजून सरकारला हवं ते करता येत नाही.

शीतयुद्धाच्या काळात मात्र या कामाला डाग लागला. 1949 मध्ये युनियनच्या जागतिक संघटनेत फूट पडली, दोन गट झाले, आणि प्रत्येकाला समोरच्या गटातले कैदीच जास्त दिसायचे. या कामात एक पथ्यही पाळायचं असतं, ते म्हणजे आधी तिथल्या युनियनला विचारायचं, कारण बाहेर गाजावाजा झाला की कधीकधी आतल्या माणसावर 'परक्यांचा हस्तक' असा शिक्का बसतो आणि शिक्षा वाढते.

तक्रारीसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, म्हणजे आयएलओची, संघटना स्वातंत्र्य समिती 1951 पासून आहे. तिला कोणाला शिक्षा करता येत नाही. पण देशाने युनियन काढण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचे आयएलओचे करार, क्रमांक 87 (1948) आणि 98 (1949), मान्य केले नसले तरी त्याच्याविरुद्ध तक्रार घेता येते आणि सरकारकडून लेखी उत्तर मागता येतं.