ची (इग्बो धर्मकल्पना)

ची : आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांच्या धर्मविचाराची मध्यवर्ती कल्पना. प्रत्येक माणसाबरोबर केवळ त्याचाच असा एक दैवी सोबती असतो, तोच त्याला घडवतो, त्याचे आयुष्य बेततो आणि अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहतो, ही श्रद्धा. युरोपीय लेखकांनी चीला रक्षक देवदूत, आत्मा, माणसाचे अदृश्य जुळे रूप अशी निरनिराळी नावे दिली. मराठीत इष्टदेवता आणि प्रारब्ध हे शब्द जवळचे वाटतात, पण इष्टदेवता माणूस निवडतो आणि चीची निवड माणसाच्या हाती नसते. प्रारब्ध मुके असते. चीला हाक मारता येते, गाऱ्हाणे सांगता येते. त्यामुळे मूळ शब्दच ठेवणे इष्ट.

इग्बोंची वस्ती मुख्यतः नायजर नदीच्या पूर्वेस, आजच्या आनाम्ब्रा, इमो, आबिया, एनुगू व एबोनी या राज्यांत आणि डेल्टा व रिव्हर्स राज्यांच्या काही भागांत आहे. न्री, ओनिचा यांसारखे अपवाद सोडले तर बहुतेक गावांत राजा नसे. भावकीतील ज्येष्ठ आणि गावसभा मिळून निर्णय घेत. माणसागणिक वेगळा देव ही कल्पना अशा समाजात रुजली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘आई एकच जन्म देते, पण एकच ची सर्वांना घडवत नाही’ अशी म्हण आहे. सख्ख्या भावंडांची नशिबे वेगळी का, याचे इग्बो उत्तर त्या म्हणीत आहे.

ची या शब्दाचा दुसरा अर्थ दिवस किंवा उजेड, विशेषतः दिवस-रात्रीच्या सांध्यावरचा. रात्री निरोप घेताना ‘का ची फो’, म्हणजे ‘उजाडू दे’, असे म्हणतात. चीचे मूळ स्थान सूर्याच्या आसपास असते अशीही समजूत असल्याने हे दोन्ही अर्थ मुळात एकच असावेत, असा तर्क इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1975 मध्ये मांडला. त्याला बळ देणारा एक जुना उल्लेख, गुलामगिरीतून मुक्त झालेले आणि स्वतःला इग्बो म्हणवणारे लेखक ओलाउडा एक्विआनो यांच्या 1789 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात आहे. आपल्या लोकांच्या मते सर्वांचा निर्माता एक असून तो सूर्यात राहतो, असे ते लिहितात. एक्विआनो यांच्या जन्मस्थानाविषयी मात्र वाद आहे. 1759 ची बाप्तिस्मा-नोंद आणि 1773 ची नौदलाची नोंद त्यांचा जन्म अमेरिकेतील कॅरोलायनात झाल्याचे दर्शवतात. त्या नोंदी खऱ्या धरल्या तरी हे वर्णन गुलामगिरीत सापडलेल्या इग्बो माणसांकडून ऐकलेले असू शकते. म्हणून ते सर्वस्वी बाजूला सारणे योग्य वाटत नाही.

सर्वांत मोठा वाद ‘चुक्वू’ या शब्दाभोवती आहे. ची आणि उक्वू (मोठा) मिळून चुक्वू, म्हणजे ‘महान ची’, ही फोड सर्वसाधारणपणे मान्य आहे. प्रश्न असा, की या नावाचा एकमेव सर्वश्रेष्ठ ईश्वर इग्बोंना आधीपासून माहीत होता का? एमेफिए इकेंगा मेटुह यांच्यासारखे धर्मशास्त्राचे अभ्यासक होय म्हणतात. इग्बो अभ्यासक डोनाटस न्वोगा यांनी 1984 मध्ये याच्या उलट मत मांडले. सर्वोच्च ईश्वराची कल्पना इग्बो धर्मात उपरी असून अरो (अरोचुक्वू येथील इग्बो गट) व्यापारी आणि पुढे मिशनरी यांच्यामुळे ती पसरली, असे त्यांचे म्हणणे. अरोचुक्वू येथे इबिनी उक्पाबी हे प्रख्यात कौलस्थान होते. दूरदूरच्या गावांतले तंटे तेथे येत. कौल विरुद्ध गेला की ‘चुक्वूने त्याला खाल्ले’ असे नातलगांना सांगण्यात येई. प्रत्यक्षात त्या माणसाची गुलाम म्हणून विक्री होई. ‘चुक्वूची लेकरे’ असे बिरुद मिरवणाऱ्या अरोंचे हे स्थान ब्रिटिशांनी 1901–02 च्या मोहिमेत उद्ध्वस्त केले.

कालक्रम पाहता मधली वाट अधिक पटते. ब्रिटिश शोधप्रवासी विल्यम बेकी यांच्या 1854 च्या नायजर-बेन्वे सफरीच्या वृत्तान्तात हे नाव आलेले आहे, आणि आफ्रिकी मिशनरी सॅम्युएल अजायी क्राउथर यांच्या पुढाकाराने ओनिचा येथे मिशन सुरू झाले ते 1857 मध्ये. म्हणजे शब्द मिशनऱ्यांनी घडवला नाही. पण तोवर अरोंचे जाळे सर्वत्र पसरलेले होते, त्यामुळे न्वोगा यांचा अरोविषयक मुद्दा एवढ्याने खोडला जात नाही. शब्द जुना असावा आणि त्याचा आजचा अर्थ बहुधा एकोणिसाव्या शतकात दृढ झाला असावा.

ईश्वरासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘चिनेके’ (ची-ना-एके) या नावाचा गुंता व्याकरणातला आहे. इग्बोत ‘ना’ हे अव्यय ‘आणि’ या अर्थी येते, तसेच क्रिया चालू असल्याचे दाखवण्यासाठीही. दोहोंतला फरक सुराने कळतो आणि रोजच्या लेखनात सूर सहसा दाखवत नाहीत. त्यामुळे चिनेके म्हणजे ‘निर्माण करणारा ची’ की ‘ची आणि एके’, हे लिखित शब्दावरून ठरत नाही. मिशनऱ्यांनी पहिला अर्थ घेतला. 1913 च्या इग्बो बायबलात आकाश व पृथ्वी निर्माण करतो तो चिनेकेच. अचेबे यांचा कल दुसऱ्या अर्थाकडे होता. जुन्या प्रार्थनांत ची आणि एके यांची नावे जोडीने येतात आणि काही भागांत एके म्हणजे बाळाच्या रूपाने परतलेला पूर्वज असे मानतात. म्हणून दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. तो स्वीकारला तर या नावात एक निर्माता नसून दोघे सोबती आहेत: एक माणसाचा स्वतःचा, दुसरा त्याच्या घराण्याचा.

व्यवहारात ची घरोघरी असे. स्वतःचे घर थाटलेला माणूस अंगणात किंवा घरात चीचे ठाणे करी; त्याजागी अनेक ठिकाणी ओगिरिसीचे झाड लावत. जोडीला इकेंगा ही शिंगे असलेली लाकडी मूर्ती असे. ती उजव्या हाताच्या कर्तृत्वाची खूण. मालक वारल्यावर काही भागांत ती दुभंगून टाकत. दैवाला ‘अकाराका’ म्हणतात, शब्दशः हातावरच्या रेषा. त्या ची आखतो. तरीही ‘माणूस हो म्हणाला तर त्याचा ची हो म्हणतो’ (ओन्ये क्वे, ची या एक्वे) ही म्हण सर्वतोमुखी आहे. दुसरी म्हण तिला लगाम घालते: ‘माणूस जिथे पडला तिथेच त्याच्या चीने त्याला पाडले’. एका लोककथेतला पैलवान पृथ्वीवरचे सगळे गडी लोळवून भूतलोकात कुस्ती मागायला जातो. तिथेही जिंकत सुटतो. शेवटी त्याच्यासमोर एक किडकिडीत प्रतिस्पर्धी उभा राहतो, एका हाताने त्याला उचलतो आणि खडकावर आपटतो. तो त्याचा स्वतःचा ची असतो.

चीपूजा आणि पूर्वजपूजा वेगळ्या असल्या तरी ओजी, म्हणजे कोलाचे फळ, फोडताना दोन्ही एकत्र येतात. यजमान फळ पुढे करतो, ते पाहुण्यांच्या हातांतून फिरून परत येते, मग वडीलधारा ते उंचावून चुक्वू, अनी ही भूदेवता, ची आणि पूर्वज यांना हाक मारतो. प्रार्थना इग्बोतच व्हायला हवी. ‘ओजीला इंग्रजी कळत नाही’ असे म्हणतात. फळाच्या चार फोडी निघाल्या तर एके, ओरिए, आफो आणि न्क्वो या चार बाजारदिवसांची खूण म्हणून आनंद होतो. एक तुकडा पूर्वजांसाठी जमिनीवर टाकतात. जेवण्यापूर्वी मांसाचा घास आणि पेयाची धार पितरांसाठी जमिनीवर देण्याची चाल एक्विआनो यांनीही नोंदवली आहे. परंपरेने स्त्रिया ओजी फोडत नाहीत.

पूर्वज घराण्यात पुन्हा जन्म घेतात (इलो उवा) ही श्रद्धा नावांत दिसते. नामदी म्हणजे ‘माझे वडील हयात आहेत’; आजोबा परतले असे मानले की नातवाला हे नाव मिळते. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नामदी अझिकिवे यांचे नाव हेच. न्नेन्ना म्हणजे वडिलांची आई. अहामेफुना म्हणजे ‘माझे नाव हरवू नये’.

आज बहुसंख्य इग्बो ख्रिस्ती आहेत आणि चीची ठाणी विरळा झाली आहेत. नावे टिकली: चिदी (ची आहे), चिका (ची सर्वांहून मोठा), चिओमा (चांगला ची), चिबुझो (ची पुढे चालतो). आज नाव ठेवताना बहुतेक कुटुंबांच्या मनात ख्रिस्ती ईश्वर असतो.