वटवट्याचं कडं

डिसेंबरात सकाळी सातला पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दुर्बिणी गळ्यात अडकवून आलेला जो तो स्वर्गीय नर्तक नाहीतर हळद्या शोधत असतो. मीही तेच करायचो. डोक्यावरच्या पानांत मात्र कुणीतरी सारखं ‘चिस्ली, चिस्ली’ करत असतं, तिकडे कुणी बघत नाही.

तो हिरवट वटवट्या. चिमणीहून लहान, पाठ मळकट हिरवी, पोट पांढरट, डोळ्यावर फिकट भुवई. फोटोत बहुधा हललेलं पानच येतं. वजन आठेक ग्रॅम, दहा रुपयांच्या नाण्याएवढं. एवढासा जीव मध्य आशिया, पश्चिम सायबेरियाकडची वीण आटोपून इथे येतो. तिकडे पानं गळली की पानांवरचे किडे संपतात, थंडीहून ती उपासमार वाईट. इथे प्रत्येक जण, नर असो वा मादी, थोडी झाडं धरून एकटा राहतो. ती वटवट म्हणजे शेजाऱ्याला ताकीद.

पण खरी गंमत त्याच्या माहेरी आहे. हा पक्षी झाडांचा, आणि तिबेटच्या उघड्याबोडक्या पठारावर झाडं नाहीत. त्यामुळे पठाराला वळसा घालून हिमालयापासून त्याच्या कुळाची एक फांदी पश्चिमेकडून सायबेरियात गेली, दुसरी चीनमधून. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तसं इथे गाणं बदलत गेलं. शेजाऱ्याचं शेजाऱ्याला कळतं, पण मध्य सायबेरियात दोन्ही टोकं समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत आणि सहसा जोडीही जमवत नाहीत. संशोधक डॅरन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. मग एक जात संपून दुसरी सुरू कुठे झाली? रेघ मारायला जागाच सापडत नाही. २०१४ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की पठाराभोवतीचं हे गोल कडं पूर्वी मध्ये तुटलं होतं, पुन्हा जुळलं होतं. माझ्या मते त्यामुळे गोष्ट बिघडत नाही, उलट जास्त खरी वाटते.

आपल्या बागेतले पाहुणे पश्चिमेच्या फांदीचे. त्यांच्या पंखावर एकच बारीक फिकट पट्टी असते, पिसं झिजली की तीही दिसेनाशी होते. दोन पट्ट्यांचे पूर्वेकडचे भाऊबंद हिवाळ्याला आग्नेय आशियात उतरतात.