पोत्यातलं खत जिवंत आहे. वापरण्याआधी एवढं वाचा

आमच्या खताचं पोतं घरी आलं की बरेच जण तोंड घट्ट बांधून ते गच्चीवर उन्हात ठेवतात. कृपा करून तसं करू नका. चिमूटभर खतातही जिवाणूंची संख्या कोट्यवधींच्या घरात असते, शिवाय बुरश्या वेगळ्या. त्यांना हवा आणि ओल दोन्ही लागतात.

सजीवाचं शरीर पेशींचं असतं, मग ती एकच का असेना. तो अन्न घेतो, त्यातून ऊर्जा काढतो, वाढतो, आपल्यासारखे जीव निर्माण करतो, भोवतालच्या बदलाला प्रतिसाद देतो. अंगणातली तुळस जे करते ते एकपेशी जिवाणूही करतो. आमच्या मोठ्या ढिगात हात घातला तर आत चटका बसतो, कारण जिवाणूंच्या श्वसनामुळे तिथलं तापमान 55 ते 60 अंशांपर्यंत चढतं. घरी ओल्या कचऱ्याचं खत करायचा डबा लहान, म्हणून तो कोमटच लागतो. तो कोमटपणा म्हणजे काम सुरू असल्याची खूण आहे.

आता हे जीव खातात काय, ते पाहू. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक या सहा मूलद्रव्यांचाच सजीवांच्या शरीरात सर्वात मोठा वाटा असतो. त्यांच्यापासून कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं बनतात. पावसाळ्यात घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो आणि किसून उरलेली कणसं डब्यात पडतात. ती मुख्यतः सेल्युलोजची, म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्यांची. आपल्या पोटाला या साखळ्या तोडता येत नाहीत, पण बुरशीचे विकर त्या तोडतात. कणसावर पांढरे धागे दिसले तर ती हीच बुरशी, तिला राहू द्या. मात्र कणसं अख्खी न टाकता तुकडे करून टाका, नाहीतर महिनोन्‌महिने तशीच राहतात.

उरलेली डाळ, पनीर यांत प्रथिनं असतात आणि प्रथिनांत नायट्रोजन. तो जास्त झाला की अमोनियाचा उग्र वास सुटतो. अशा वेळी वाळका पाला घाला. कार्बनचे साधारण 30 भाग आणि नायट्रोजनचा एक, हे प्रमाण जिवाणूंना मानवतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा कमी पडली आहे, ढीग खालीवर करा. कचोरीचं उरलेलं तेल मात्र डब्यात ओतू नका. ते कचऱ्यावर थर धरतं आणि हवा अडवतं.

हे शास्त्र आपल्या गावचंच आहे. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलटून साधारण तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. ‘इंदूर पद्धत’ या नावानं ती जगभर ओळखली जाते. आम्हीही ढीग याच धर्तीवर रचतो आणि याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे.

पोतं सावलीत ठेवा, तोंड सैल असू द्या. मूठभर खत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकी ओल पुरे. कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते आदल्या रात्री उघड्या बादलीत काढून ठेवा.